मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं

इशिता: 'बसचं दार डावीकडे असतं. अमेरिकेतल्या पाहुण्यांनी उजवीकडे उभं राहून बसला शिव्या देऊ नयेत.' मामा, माझ्या लग्नाच्या गाइडमध्ये हे तू खरंच छापलंयस?

गिरीश: तुमच्या शिकागोवाल्यांसाठी आहे ते. आयर्लंडमध्ये गाड्या आपल्या इंडियासारख्या डावीकडून जातात. नागपूरचे सगळे बरोबर चढतील, घोळ तुमचाच होणार.

इशिता: 'छत्री आणू नये. समुद्राच्या वाऱ्याने ती उलटी होते आणि फोटोत माणूस छत्रीशी भांडताना दिसतो.' 'पफिन नावाचे पक्षी बघायचा हट्ट धरू नये, ते ऑगस्टमध्येच निघून जातात.' हट्ट कोण करणारे?

गिरीश: रुही. शंतनूकाकांची नात. रोज मला पफिनचा एक फोटो पाठवते. काल लिहिलं, गिरीशकाका, एक तरी लेट असेल ना?

इशिता: सो क्यूट. आणि हे तर बेस्ट आहे. 'गावाचं नाव सी-ओ-बी-एच असं लिहितात आणि कोव्ह असं म्हणतात. कृपया कोणीही कोभ म्हणू नये.'

गिरीश: शंतनूकाका ग्रूपवर विचारत होते, कोभला थंडी किती असेल. म्हटलं, आता हे त्या आयरिश ड्रायव्हरसमोर म्हणतील. आणि तुझ्या वीणामावशीचं ऐकलंस नं? तिने आयर्लंडचं आयलंड ऐकलं. पोहायचा ड्रेस घेतला, पासष्टाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला. मी फोन केला, म्हटलं ताई, तसं आयलंडच आहे ते, पण स्वेटर घाल.

इशिता: स्टॉप. माझं काजळ जाईल. मामा, हे गाइडबुक आहे की काय आहे? अठ्ठावीस पानं! डेक्लन म्हणाला, माझ्या आजीला पण एक कॉपी पाहिजे, ती तिकडे जन्मली तरी तिला एवढं माहीत नाही.

गिरीश: नोराआजींना मोठ्या टाइपात काढून दिलीय. मराठी येत नाही म्हणून फोटो जास्त घातलेत.

इशिता: पण या कोव्हमध्ये एवढं काय आहे? किलकेनीच्या किल्ल्याला चाळीस मिनिटं आणि इथे दीड तास?

गिरीश: बंदर आहे ते. तिथून लोक अमेरिकेला निघायचे, लाखांनी. निघायच्या आधी घरी सगळं गाव जमायचं. गाणी म्हणायचे, जेवायचे, रडायचे, मयताला जमतात तसे. कारण गेलेला माणूस परत दिसायचा नाही. नोराआजींचे दोन काका तिथूनच गेले. आपल्या लोकांनी बघावं, वाटलं.

इशिता: तू कधी एवढा वाचायला लागलास?

गिरीश: माझी आन्या जेवढे दिवस तिच्या आईकडे असते, तेवढे दिवस मला दुसरं काय काम? चहा घे, निवतोय. साडेपाचला निघू, सॅन होजे एअरपोर्टला अर्धा तास लागतो. तुझी कॉन्फरन्स कशी झाली, ते सांगितलं नाहीस.

इशिता: बोअरिंग. मी फक्त तुला भेटायला आले होते, कॉन्फरन्स बहाणा. लग्नाच्या सामानाची बॅग कुठाय?

गिरीश: सोफ्यामागे. अंतरपाट अगदी वर ठेवलाय, आईने कुंकवाचं स्वस्तिक काढलेला तोच. सुवर्णाताईच्या, तुझ्या आईच्या लग्नात होता. बॅग उघडू नकोस आता, नीट भरलीय.

इशिता: नाही उघडत. हे सीट लिस्ट... आई आणि वीणामावशी तीन आणि चार. गुरुजी पाच, 'गाडी लागते, खिडकी द्यावी.' निमिषदादा अकरा. मामा, बेचाळीस नंबर ब्लँक आहे.

गिरीश: ती सामानाची.

इशिता: सामान खाली जातं. पान सहावर तूच लिहिलंयस, 'वर फक्त डबे आणि औषधं.'

गिरीश: मी पुढे ड्रायव्हरशेजारी राहीन. गाइडसारखा, माइक घेऊन.

इशिता: 'चालत्या बसमध्ये उभं राहणं मना आहे, विशेषतः शंतनूकाकांनी.' तेच पान. तू कुठे बसणारेस?

गिरीश: बघू नं. एका सीटचं काय एवढं?

इशिता: किलकेनीच्या हॉटेलमध्ये पण तुझं नाव नाही. किन्सेल, नाही. डिंगल... मामा, डिंगलमध्ये पण नाही. तू सगळ्यांच्या रूम्स लिहिल्यास, गुरुजींना कमोडजवळ हँडल आहे का ते पण लिहिलंस. तुझी रूम कुठाय?

गिरीश: इशू, चहा.

इशिता: मी बॅग उघडते.

गिरीश: नको नं. इशू, नको. इकडे दे ते पाकीट.

इशिता: 'निमिषसाठी. डिंगलला पोचल्यावर उघड.' हे काय आहे?

गिरीश: त्याचं काम आहे काहीतरी. हॉलवाल्यांशी बोलायचं वगैरे.

इशिता: 'प्रिय निमिष. हे काम मामाचं असतं, पण या वेळी तुला करायचं आहे. तू तिचा चुलतभाऊ आहेस, काही बिघडत नाही. गुरुजी माइकवर म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तू उठायचं. लाजायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही.'

गिरीश: पुरे.

इशिता: 'इशिताचा हात धरू नकोस. तिला हात धरलेला आवडत नाही, लहानपणापासून. कोपराला धर. ती चष्मा काढून येणार आणि रडणार, म्हणजे तिला काहीही दिसणार नाही. खोलीपासून मांडवापर्यंत एकतीस पावलं आहेत. अकराव्या पावलावर डावीकडे वळ. हॉलच्या दारात दोन इंचांचा उंबरठा आहे, फोटोत दिसत नाही, तिथे तिला थांबव आणि मग उजवा पाय. अंतरपाटाजवळ पोचलात की तिच्या मागे उभा राहा. मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा हलत नाही. वीणाताई स्वतः रचलेली म्हणणार आहेत, सात कडव्यांची, तरी बसायचं नाही.' मामा... एकतीस पावलं तू कुठून आणलीस?

गिरीश: तिथल्या मॅनेजरबाईंना चालायला लावलं, फोनवर. त्यांची सत्तावीस भरली. तू नऊवारीत असशील म्हणून चार वाढवली.

इशिता: तू येत नाहीयेस.

गिरीश: नाही.

इशिता: मला सांगणार कधी होतास?

गिरीश: शुक्रवारी. तू आयर्लंडच्या विमानात बसल्यावर.

इशिता: म्हणजे मी काही करू शकणार नाही तेव्हा. वॉव. नाही, वॉव. आईला माहितीये?

गिरीश: नाही.

इशिता: का येत नाहीयेस? जॉब गेला? तू आजारी आहेस? मामा, माझ्याकडे बघ, तुला काही झालंय?

गिरीश: मला काय व्हायचंय? माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपलाय. इथे राहायला, काम करायला काही अडचण नाही, कागद चालू आहेत. पण एकदा बाहेर पडलो की आत यायला नवा शिक्का लागतो. आधी तो दुसऱ्या देशातही मिळायचा. मी डब्लिनमध्येच घेणार होतो, लग्नाच्या आधी तीन दिवस, सगळं ठरवलं होतं. मग नियम बदलला. आता आपल्याच देशात जाऊन घ्यायचा. आणि तिथल्या तारखा पुढच्या जूनच्या आहेत, त्याही पुढे ढकलतात.

इशिता: मग आयर्लंडचा व्हिसा?

गिरीश: तो आहे. हा बघ. सगळ्यांच्या फायली मीच भरल्या, माझीही भरली. जायला कोणी अडवलेलं नाही मला. यायलाच अडवतील.

इशिता: तर जून. आठ महिने नागपूरला राहा, वर्क फ्रॉम होम कर.

गिरीश: कंपनी तीन आठवडे देते. त्यानंतर नोकरी नाही. नोकरी नाही तर शिक्काही नाही, आणि हिरव्या कार्डाची दहा वर्षांची रांग तिथेच संपली.

इशिता: तुझी रांग, तुझी रांग! मी मिडल स्कूलमध्ये होते तेव्हापासून तू इथे आहेस आणि अजून तू रांगेत आहेस. मला माहीत होतं हे, मी स्टुपिड आहे, मी विचारायला पाहिजे होतं. आपण लग्न इकडे करू.

गिरीश: अरे बाप्पा. दहा दिवसांवर आलंय.

इशिता: सो? कॅन्सल. डेक्लन समजेल. इथे सनीव्हेलमध्ये, या तुझ्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये करू, आय डोन्ट केअर.

गिरीश: आणि नोराआजी? एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. विमानात बसू शकत नाहीत म्हणूनच तिकडे ठरलं नं सगळं? त्या बाईंनी वर्षभर एक ड्रेस कपाटात टांगून ठेवलाय. म्हणून तर सांगितलं नाही तुला. तू हेच करणार, मला माहीत होतं.

इशिता: तू प्रॉमिस केलं होतंस.

गिरीश: हो.

इशिता: आजी गेली तेव्हा. आई तुझ्याशी बोलत नव्हती, आणि तू तिला फोनवर सांगितलंस, मी तिथे उभी होते. इशूचं लग्न जगात कुठेही असू दे, मी तिला मांडवात आणीन. तू म्हणालास.

गिरीश: म्हणालो.

इशिता: तू आजीला पण गेला नाहीस, मामा. स्वतःच्या आईला. माझी आई एकटी गेली नागपूरला. आणि आता मला पण नाही.

इशिता: सॉरी. मामा, सॉरी. मला ते बोलायचं नव्हतं.

गिरीश: खरंच आहे ते. त्यात सॉरी काय?

इशिता: नाही, ते कोविड होतं. विमानं नव्हती.

गिरीश: ताईला मिळालं नं विमान? अमेरिकेचा पासपोर्ट होता तिच्याकडे. मलाही जायला मिळालं असतं. यायचं कठीण होतं, तेव्हाही हेच. मी फोनवर बघितलं. घाटावर कोणीतरी फोन धरला होता, शेजारचा पोरगा असेल, तोही घाबरलेला. त्याने फोन उलटा धरला. मला आभाळ दिसत होतं आणि आवाज येत होते. मी इथे, याच टेबलावर, ओरडत होतो, अरे फिरव, फिरव. त्याला ऐकू जात नव्हतं. आईला नेलं ते मला दिसलंच नाही. आभाळ तेवढं दिसलं.

इशिता: तू कधी सांगितलं नाहीस.

गिरीश: कोणाला सांगू? ताईला? तिने खांदा दिला आईला. म्हणून आधीच सांगतो, लग्नाच्या दिवशी मला व्हिडिओ लावू नका. डेक्लनचा भाऊ म्हणत होता, लाइव्ह दाखवतो सगळ्यांना. मला नको. मी मागून फोटो बघीन.

इशिता: तुला नेपरव्हिलचं लग्न आठवतं? मी अकरा वर्षांची होते. बाबा गेल्यानंतरचा पहिला समर.

गिरीश: मी नवीनच आलो होतो. ताईचा कोट घातला होता, थंडी वाजत होती मला मे महिन्यात.

इशिता: त्या लग्नात गुरुजी ओरडले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. आणि एक माणूस उठला आणि त्या ब्राइडला घेऊन आला. मी तुला विचारलं, तिचा बाबा का नाही आणत? आणि मग मी विचारलं, माझं लग्न कसं होणार? तू काय म्हणालास?

गिरीश: आठवतं.

इशिता: तू म्हणालास, मांडवात आणायला मामाच लागतो. बाबा लागतच नाही.

गिरीश: हो.

इशिता: मी ते धरून बसले, मामा. अठरा वर्षं. शाळेत फादर-डॉटर डान्स होता, मी गेले नाही, पण मला वाईट नाही वाटलं, कारण माझ्या लग्नात तो लागतच नव्हता. मग कॉलेजमध्ये कळलं, कन्यादान असतं, त्याला बाबा लागतो. मी आईला म्हटलं, आपण कन्यादान करायचंच नाही. सगळ्यांना वाटलं, मी फेमिनिस्ट आहे. मी फेमिनिस्ट आहेच, पण ते कारण नव्हतं. तू म्हणाला होतास ना, बाबा लागत नाही. मग लागायलाच नको. फक्त तू लागत होतास. एकच माणूस. मी लग्नात एकच माणूस मागितला होता.

गिरीश: इशू.

इशिता: कोभला, कोव्हला, जे काय ते, लोकांना नेऊन काय दाखवणारेस तू? गेलेला माणूस परत दिसायचा नाही? तेव्हा बोट होती. आता दहा तासांत विमान जातं.

गिरीश: तरी बघ नं. माझी बोट अजून आलेलीच नाही.

इशिता: जोक नको.

गिरीश: जोक नाही गं. मी ना, जाणार होतो. तुला खरं सांगू? मागच्या महिन्यापर्यंत जाणारच होतो. बॅग भरली होती. म्हटलं, खड्ड्यात गेली रांग, दहा वर्षं रांगेत घालवली, भाचीला आणायचंय मला. नोकरी दुसरी मिळेल, नागपूरला घर आहे. मग आन्याला आणायला गेलो तिच्या आईकडे. गाडीत बसली. तिला सांगितलं, मी लग्नाला चाललोय, कदाचित यायला वेळ लागेल. तिने विचारलं, हाउ लाँग? मी म्हटलं, माहीत नाही. घरी आली आणि स्वतःचा टूथब्रश परत बॅगेत ठेवला. मी विचारलं, अगं, बॅगेत का ठेवलास? तर म्हणाली, तू नसशील तर इथे ठेवून काय करू?

इशिता: ओ गॉड.

गिरीश: अकरा वर्षांची आहे. तू होतीस तेवढीच.

इशिता: हो.

गिरीश: मी तेव्हा तुला खोटं बोललो होतो, इशू. पोरगी रडायला आली होती समोर, लोक बघत होते, मला काही सुचलं नाही, मी ठोकून दिलं. बाबा लागतो. लग्नातच नाही, रोज लागतो. टूथब्रशला लागतो. तुला नव्हता, मला माहितीये तू कशी राहिलीस. मी ते बघितलंय. बघितलंय म्हणून आन्याला तसं सोडून नाही जाऊ शकत. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

इशिता: तू मला मामा बनवलंस.

गिरीश: काय?

इशिता: असंच म्हणतात ना? फसवलं की? मामा बनवलं. आई म्हणते.

गिरीश: हो. असंच म्हणतात.

इशिता: माझं मराठी बरोबर होतं?

गिरीश: अगदी बरोबर होतं.

इशिता: मला खूप राग आलाय. आणि मला रागवायला कोणी मिळत नाहीये. आन्यावर कशी रागवू? तिच्या टूथब्रशवर?

गिरीश: माझ्यावर रागव. मला चालेल.

इशिता: आईला मी नाही सांगणार. तू सांग. आजच. मी विमानात असताना सांग.

गिरीश: ती पुन्हा बोलणं सोडेल.

इशिता: सोडू दे. पण या वेळी टूथब्रशचं पण सांग. आणि आभाळाचं सांग. तिला माहीतच नाहीये, मामा, तिला वाटतं तू नोकरीसाठी आला नाहीस.

गिरीश: आणि निमिषचं पाकीट?

इशिता: हे मी घेतलं. पण त्याला देणार नाही.

गिरीश: अगं, मग कोण आणणार तुला? गुरुजी पुकारणार, सगळे वळून बघणार.

इशिता: माहीत नाही. चल, सव्वापाच झाले. उंबरठा किती इंच म्हणालास?

गिरीश: दोन.

(दहा दिवसांनंतर, शनिवारी. डिंगलमध्ये दुपारचे चार, सनीव्हेलमध्ये सकाळचे आठ. फोनवर.)

इशिता: मामा? घाबरू नकोस, व्हिडिओ नाहीये. साधा फोन आहे.

गिरीश: इशू? अगं मुहूर्त आहे तुझा आता, फोन काय करतेस?

इशिता: गुरुजींनी पुकारलं. दोनदा, माइकवर. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. निमिषदादा उठून दारापर्यंत आला होता, मी त्याला म्हटलं, यू सिट. कानात इअरबड आहे, मुंडावळ्यांच्या मागे. कोणाला दिसत नाही.

गिरीश: म्हणजे काय करायचंय तुला?

इशिता: मी चष्मा काढलाय. मला काही दिसत नाहीये. आणि मी कोणाला धरू दिलेलं नाहीये. तूच म्हणतोस ना, एकतीस पावलं?

गिरीश: अगं पण...

इशिता: मी तुला काहीच दाखवत नाही, मामा. तू मला सांग. थांब, आई फोन मागतेय.

सुवर्णा: गिऱ्या.

गिरीश: ताई.

सुवर्णा: मी नंतर रडीन. तूही नंतर रड. मुहूर्ताची वेळ जातेय. आण पोरीला.

गिरीश: हो. हो, ताई. इशू, आहेस?

इशिता: आहे.

गिरीश: सरळ उभी राहा. नऊवारीचा काठ बघ, पायात येत नाही नं? दाराबाहेर आलीस की उजव्या हाताला भिंत आहे. बोटं टेकव भिंतीला. आता चल. हळू. एक. दोन. घाई नको. तीन.

इशिता: गालिचा आहे.

गिरीश: असणारच, हिरवा आहे. दहाव्यापर्यंत आहे तो. मोज माझ्याबरोबर. सात. आठ. नऊ. दहा. आता थांब. डावीकडे वळ, पूर्ण. तिथे एक मोठी खिडकी येईल.

इशिता: आली. उजेड दिसतोय.

गिरीश: समुद्र आहे तिथे.

इशिता: सांगू?

गिरीश: सांग नं. कसा आहे?

इशिता: चष्मा नाही. पण ग्रे आहे. सगळा ग्रे. तू गाइडमध्ये निळा लिहिला होतास.

गिरीश: वेबसाइटवर निळा होता. चल. बारा. तेरा.

इशिता: सगळे किती शांत आहेत. वीणामावशी फक्त नाक ओढतेय. मामा, कोव्हला शंतनूकाका ड्रायव्हरला कोभच म्हणाले.

गिरीश: मला माहीत होतं. पंधरा. सोळा.

इशिता: आणि पफिन एकही नव्हता. रुही दोन तास थांबली.

गिरीश: अठरा. एकोणीस.

आन्या: डॅड? तू पार्किंग लॉटमध्ये फेटा घालून का चालतोयस?

गिरीश: घरात एकतीस पावलं मावत नाहीत, बेटा. वीस. एकवीस.

इशिता: तू फेटा घातलायस?

गिरीश: मग? मामा आहे मी. तेवीस. चोवीस. मध्ये थांबू नकोस. पंचवीस.

आन्या: डॅड, यू आर क्राइंग.

गिरीश: हो. ये, माझा हात धर. सत्तावीस. इशू, आता हळू. अठ्ठावीस. इथे थांब.

इशिता: उंबरठा?

गिरीश: हो. पायाने चाचपड. लागला?

इशिता: लागला. दोन इंच.

गिरीश: उजवा पाय उचल. टाक आत. आता डावा. पडली नाहीस नं?

इशिता: नाही.

गिरीश: तीस. एकतीस. अंतरपाट दिसतो का समोर?

इशिता: पांढरं काहीतरी आहे. लाल स्वस्तिक. आजीचं. खाली पलीकडून डेक्लनचे पाय दिसतायत. त्याने पण शूज काढलेत.

गिरीश: पोचलीस मग. झालं. ठेव आता फोन.

इशिता: नाही.

गिरीश: इशू, अगं आणलं नं तुला? माझं काम झालं.

इशिता: तूच लिहिलंयस, निमिषच्या पाकिटात. मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा मागे उभा असतो. हलत नाही. वीणामावशीची सात कडवी झाली तरी.

गिरीश: हो. लिहिलंय.

इशिता: गुरुजी सुरू करतायत. मी आता बोलणार नाही. मामा, उभा आहेस ना?

गिरीश: उभाच आहे गं.